२० गुंठ्यांच्या मातीच्या तळ्यात कोणते मासे, किती आणि कोणत्या प्रमाणात सोडावेत?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. मातीचं तळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं नाही. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा साधारण २० गुंठे, मधोमध खोली ८ फूट. हेच पाणी पिकालाही जातं, त्यामुळे मे अखेरीस पसारा १२ गुंठ्यांवर येतो आणि मध्ये ४ फूट पाणी उरतं. पूर्ण आटत नाही. पाण्याचा सामू (पीएच) ७.८ च्या आसपास. एका कडेला हायड्रिला ही पाणवनस्पती माजलीय. मरळीची पिल्लं झुंडीने दिसतात, म्हणजे मोठी मरळही असणारच. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नाही, पण ५ एचपीचा पंप आहे. खाद्य म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड घालता येईल.

माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, देणारे ५००० नग सोडा म्हणतात. कुणी कटला-रोहू-मृगळ ४०-३०-३० सांगतं, कुणी सहा जाती एकत्र सोडा म्हणतं. शिवाय तिलापिया, रूपचंद आणि गोड्या पाण्यातली कोळंबी हेही डोक्यात आहे. नेमकं काय निवडावं?

शेवाळ

५००० हा आकडा एका हेक्टरचा आहे, तुमच्या तळ्याचा नाही. एअरेटर नसलेल्या, कोंडा-पेंडीवर चालणाऱ्या तळ्यात हेक्टरी ४००० ते ५००० बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) ही सुरक्षित मर्यादा. म्हणजे दर १०० चौरस मीटरला ४० ते ५०.

आता चौरस मीटर कुठले धरायचे? बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. भरल्या तळ्याचे २००० चौ. मी. धरले तर ८०० ते १००० मासे बसतात. पण मासे सगळ्यात मोठे होतात तेव्हाच पाणी सगळ्यात कमी असतं, आणि तेही तापलेलं. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. म्हणून मेचे १२०० चौ. मी. धरा. तेव्हा ४८० ते ६०० जिवंत मासे, त्याहून जास्त नाहीत. आणि खोली ८ फूट आहे म्हणून संख्या वाढवता येत नाही. प्राणवायू येतो तो पृष्ठभागातून आणि उजेड पोचतो तेवढ्या वरच्या थरातल्या शेवाळातून. खालच्या थंड थरात तो कमीच असतो.

दोन्ही आकडे जुळवायचे तर पावसाळ्यात ८०० बोटुकल्या सोडा, चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर, वजनाला दहाएक ग्रॅम. यातल्या ८० टक्के जगल्या तर ६४०. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठे २०० काढून घ्यायचे. उरतात ४४०. मर्यादेपेक्षा थोडे कमी आहेत, ती मोकळीक राहू द्या, उन्हाळ्यात तीच कामाला येते.

‘५००० नग’ म्हणणारे बहुधा इंचभराचं बीज देतात, बोटुकली नाही. त्यातलं निम्मं जगेल की दहावा हिस्सा, हे तळ्यातल्या शत्रूंवर ठरतं. मासे किती उरलेत हे कळत नसेल तर खाद्य किती घालायचं तेही कळत नाही. स्वस्त बीज महाग पडतं ते असं.

प्रमाणाबद्दल. ४०-३०-३० चुकीचं नाही, पण त्यात हायड्रिला खाणारं कुणी नाही आणि हिरव्या सूक्ष्म शेवाळाचा बराच वाटा वाया जातो. प्रत्येक जात वेगळं काही खाते म्हणूनच त्या एकत्र राहतात. कटला वरच्या थरात प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, गाळून खातो. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, त्याच थरात पण मुख्यतः वनस्पतिप्लवंग, म्हणजे हिरवं सूक्ष्म शेवाळ, खातो. रोहू मधल्या थरात, काड्या-दगडांवर धरलेलं शेवाळ आणि कुजकी पानं खातो. मृगळ तळावरचा कुजका गाळ चाळतो, सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरून किडे-अळ्या शोधतो. गवत्याला, म्हणजे ग्रास कार्पला, पाणवनस्पती लागतात.

तुमच्या तळ्यासाठी मी असं धरेन: कटला २००, चंदेरा ८०, रोहू २८०, मृगळ १२०, सायप्रिनस ६०, गवत्या ६०. रोहू जास्त ठेवलाय कारण पेंड-कोंडा तो चांगला उचलतो. चंदेरा कमी ठेवलाय कारण त्याचा गाळण्याचा वेग कटल्यापेक्षा जास्त असतो. तो २५ टक्क्यांवर गेला की कटला मागे पडतो. शिवाय चंदेरा जाळ्यात उड्या मारतो, खवले गळतात आणि लवकर मरतो, त्यामुळे विरळणीत, म्हणजे मोठे मासे काढताना, पहिला तोच काढायचा.

काळाबांध

शेवाळ यांचा संख्येचा हिशेब मान्य. पण मरळ आत असताना एकही बोटुकली सोडू नका. मरळीच्या तोंडात मावेल तो मासा तिचा, आणि चार इंची बोटुकली तिच्या तोंडात सहज मावते.

सर्वांत उत्तम म्हणजे तळं पूर्ण उपसून, तळाला भेगा पडेपर्यंत वाळवणं. ते जमत नसेल तर मेअखेर, पाणी कमीत कमी असताना, मोहाची पेंड. मात्रा दर घनमीटर पाण्याला २५० ग्रॅम. तुमचा पसारा तेव्हा १२०० चौ. मी. आणि मध्ये ४ फूट असलं तरी कडेला उतार आहे, म्हणून सरासरी खोली ०.८ मीटर धरू. पाणी झालं ९६० घनमीटर, पेंड २४० किलो. तीच पेंड भरल्या तळ्यात टाकायची तर कितीतरी पट लागेल, म्हणूनच मे. पेंड रात्रभर भिजवून, सकाळी उन्हात सगळीकडे सारखी शिंपडायची आणि ओढजाळं फिरवून पाणी ढवळायचं. त्यातल्या सॅपोनिनने माशांच्या रक्तपेशी फुटतात. काही तासांत मासे वर येतात, ते लगेच काढून टाका. चिखलात दडलेली एखादी मरळ वाचू शकते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत जाळं ओढा.

विषारीपणा साधारण दोन ते तीन आठवडे राहतो. तोवर जनावरं तिथे पाण्यावर नेऊ नका. बीज आणण्याआधी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) दहा-पंधरा छोटे मासे एक दिवस ठेवून बघा. सगळे टवटवीत राहिले तरच पुढे जा. नंतर ही पेंड कुजून खतच होते, त्यामुळे शेणखत कमी लागतं. एरवी चुना टाकल्यावर आठवड्याने २० गुंठ्यांना ४०० ते ६०० किलो शेण घालतात, तुम्ही त्याच्या निम्म्यावर थांबा. चुना ४० ते ५० किलो पुरे, तुमचा सामू चांगला आहे. चुना आणि युरिया एकाच वेळी घालू नका, अमोनिया वाढतो.

आणि पाणी आत येतं त्या तोंडाला बारीक जाळी लावा. ओढ्याचं पाणी घेत असाल तर पहिल्या पुराबरोबर मरळ, शिवडा, फुटकळ मासे परत आत येतात आणि वरची सगळी मेहनत फुकट.

मृगनक्षत्र

सायप्रिनसबद्दल माझं मत वेगळं आहे. ६० सुद्धा नकोत. कटला-रोहू-मृगळ साध्या तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचा पूर किंवा संप्रेरकाचं इंजेक्शन लागतं. सायप्रिनस मात्र साचलेल्या पाण्यातच वितो आणि त्याची चिकट अंडी पाणवनस्पतींना धरतात. यांच्याकडे हायड्रिला आहे, म्हणजे बाळंतिणीची खोली तयारच. वर्षभरात तो वयात येतो, पुढच्या हंगामात तळ्यात न मोजलेली शेकडो पिल्लं असतात आणि तुमचे ४४० माशांचे हिशेब कागदावर राहतात.

दुसरं, तो तोंडाने तळ आणि बांधाची आतली बाजू उकरतो. पाणी गढूळ झालं की उजेड आत जात नाही, प्लवंग तयार होत नाहीत आणि उपाशी राहतो कटला. बांध नवा असेल तर कडा ढासळतात. मी असतो तर ते ६० मृगळमध्ये घातले असते.

शेवाळ

मुद्दा रास्त आहे. पण मृगळ १८० केला तर तो एकमेकांशीच भांडत हळू वाढेल. तो मुळात सगळ्यात संथ. तळातल्या अळ्या आणि गवत्याची अर्धवट पचलेली विष्ठा सायप्रिनसइतकी चांगली कुणी वापरत नाही. मधला मार्ग असा: बांध मुरलेला, गवत धरलेला असेल तर ३० ते ४० सायप्रिनस सोडा आणि सगळे पहिल्याच वर्षी, वयात यायच्या आत, फेब्रुवारीच्या विरळणीत काढा. बांध नवा असेल तर मृगनक्षत्र म्हणतात तसं करा.

गवत्या_प्रेमी

गवत्याबाबत एक गैरसमज असतो की तो सोडला की हायड्रिला संपलं. दहा ग्रॅमचा गवत्या माजलेल्या हायड्रिलाचं काहीही वाकडं करू शकत नाही, त्या वयात तो कोवळी, मऊ हिरवळच थोडीफार खातो. म्हणून आधी हायड्रिला दाताळ्याने ओढून काढा, चार आणे शिल्लक ठेवा. काढलेला ढीग बांधावर ठेवू नका, पावसाने परत आत जातो आणि तुकड्या-तुकड्यातून उगवतो.

पुढे उलटा प्रश्न येतो. मोठा झालेला गवत्या दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतकी हिरवळ खातो. ५० गवते ४०० ग्रॅमचे झाले म्हणजे २० किलो मासा, आणि रोज २० किलोच्या आसपास चारा. तळ्यातलं संपलं की तो कोंडा-पेंडीवर येतो आणि रोहूचा घास पळवतो. त्यासाठी बांबूची चौकट पाण्यावर तरंगती बांधा आणि त्यात नेपियर गवत किंवा अझोला, डकवीड या तरंगत्या पाणवनस्पती टाका. चौकट नसेल तर वाऱ्याने चारा कडेला जाऊन कुजतो. दुसऱ्या दिवशी चौकटीत फक्त कडक दांडे दिसले तर प्रमाण बरोबर. हिरवी पानं उरली तर कमी टाका.

एकदम सगळं हायड्रिला संपलं तर त्यात अडकलेलं खत विष्ठेतून पाण्यात येतं आणि पंधरा दिवसांत पाणी गर्द हिरवं होतं. त्या काळात शेण बंद.

निळाकागद

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझं ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे, १० गुंठे, खोली १२ फूट. हेच प्रमाण चालेल का?

शेवाळ

नाही. प्लास्टिकवर गाळ नाही, त्यामुळे तळातल्या अळ्या-किडे जवळजवळ नाहीत. मृगळ आणि सायप्रिनस मिळून १० टक्क्यांच्या वर नेऊ नका. ते तळाशी पडलेलं खाद्य साफ करतील एवढंच त्यांचं काम. कटला ३० ते ३५, रोहू ४५ ते ५०, उरलेले चंदेरा-गवत्या, असं धरा. मातीतून मिळणारी खतं नसल्याने पाणी काचेसारखं स्वच्छ राहतं आणि दिसायला छान असलं तरी त्यात कटल्याला खायला काही नसतं. प्लवंग धरायला शेण थेट टाकू नका, ते तळाशी साचून सडतं. पोत्यात भरून पाण्यात टांगा, अर्क उतरला की चोथा बाहेर काढा. खरी भिस्त तरंगत्या खाद्यावर ठेवावी लागेल.

१२ फूट खोलीचा मोह नको, संख्या पृष्ठभागावरच ठरवा. आणि कडेला दोर व जाळीची शिडी बांधल्याशिवाय जाळं टाकायला उतरू नका. ओल्या प्लास्टिकच्या उतारावरून वर येणं पोहणाऱ्यालाही जमत नाही.

काळाबांध

आता तिलापिया, रूपचंद आणि कोळंबी.

तिलापिया दोन-तीन महिन्यांत वयात येतो आणि वारंवार वितो. नर-मादी मिश्र बीज आलं तर वर्षअखेर तळ्यात बोटभर माशांची गर्दी होते, मोठा एकही मिळत नाही. आणि एकदा आत शिरला की तळं वाळवल्याशिवाय निघत नाही. फक्त नर असलेलं बीज खात्रीचं असेल आणि पालनाची परवानगी असेल तरच, आणि तोही कटला-रोहूसारख्या कार्प माशांबरोबर नको, वेगळ्या तळ्यात.

रूपचंद खादाड आहे. तो आधी पोट भरतो, उरलं तर रोहूला. लहान माशांचे पर कुरतडतो. थंडी त्याला सोसत नाही, हिवाळ्यात पाणी गार झालं की खाणं सोडतो. तुमच्या कोंडा-पेंडीवर तो नीट वाढणारही नाही, त्याला प्रथिनांचं तयार खाद्य हवं. पंगस या माशालाही थंडी सोसत नाही.

कोळंबी सोडायची असेल तर तळाचे मासे, मृगळ आणि सायप्रिनस, दोन्ही वगळावे लागतात. ते तिचं खाद्य खातात आणि कात टाकलेल्या मऊ कोळंबीला त्रास देतात. शिवाय कोळंबीला प्राणवायू कमी पडलेला माशांपेक्षा आधी बाधतो, आणि तुमच्याकडे एअरेटर नाही. पहिल्या वर्षी सोडून द्या.

कुणी मांगूर म्हणून बीज देत असेल तर जात पारखून घ्या. आफ्रिकन मांगूर पालनाला भारतात बंदी आहे, आणि तो तळ्यातलं बाकी सगळं फस्त करतो.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. बांध जुना आहे, तेव्हा सायप्रिनस ३५ धरतो आणि काळाबांध म्हणतात तसं आधी मरळीचं बघतो. दोन शंका राहिल्या. सगळ्या जातींच्या बोटुकल्या एकाच दिवशी मिळत नाहीत, मग क्रम काय ठेवावा? आणि खाद्य रोज किती?

मृगनक्षत्र

क्रमाने फार बिघडत नाही, कारण यातलं कुणी कुणाला खात नाही. प्रश्न फक्त खाद्याच्या ओढाताणीचा. कटला आधी, चंदेरा नंतर, हे मात्र पाळा. चंदेरा महिनाभर आधी सोडला तर कटल्याच्या वाट्याचे प्लवंग आधीच संपवतो. गवत्या शेवटी आला तरी चालेल. एकाच जातीत मात्र दोन इंची आणि पाच इंची एकत्र घेऊ नका, लहान कायम लहानच राहतात.

सोडताना पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घ्या, आणखी १० मिनिटं, आणि मग पिशवी आडवी करून मासे आपण होऊन बाहेर जाऊ द्या. वेळ सकाळची किंवा सूर्यास्तानंतरची. तळ्यात सोडण्याआधी मिठाच्या पाण्यात, दहा लिटरला २०० ते ३०० ग्रॅम, एक-दोन मिनिटं बुडवून काढलं तर अंगावरचे परजीवी बरेच सुटतात. मासे कलंडायला लागले तर लगेच बाहेर.

शेवाळ

खाद्य माशांच्या एकूण वजनावर. सुरुवातीला ८०० × १० ग्रॅम म्हणजे ८ किलो मासा, त्याचे ५ टक्के, जेमतेम ४०० ग्रॅम. इथेच लोक उत्साहाने दोन-तीन किलो ओततात आणि पाणी नासवतात. सरासरी १०० ग्रॅमला ६५० मासे धरले तर ६५ किलो, ४ टक्क्यांनी २.६ किलो. ४०० ग्रॅमला २६० किलो, २ टक्क्यांनी ५.२ किलो. कोंडा आणि भिजवलेली पेंड वजनाने निम्मी-निम्मी, छिद्रं पाडलेल्या गोणीत भरून बांबूला टांगा, जागा रोज तीच. संध्याकाळी गोणीत उरलं तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी.

पाणी किती हिरवं हवं हे बघायला हात कोपरापर्यंत बुडवा. पाणी कोपराशी पोचताना तळवा दिसेनासा झाला तर ठीक, पाणी साधारण ३० ते ४० सेंटिमीटर पारदर्शक आहे. पाणी मनगटाशी असतानाच तळवा दिसेनासा झाला तर शेण आणि खाद्य दोन्ही थांबवा. ढगाळ, वारा पडलेल्या दिवशीही खाद्य टाळा. पहाटे मासे तोंड वर काढून गिळताना दिसले तर पंप लावा, पण फूटव्हॉल्व्ह (नळीचं पाणी ओढणारं तोंड) तळाशी नको, तरंगता बांधा, नाहीतर काळा गाळ ढवळून अजून प्राणवायू खाईल. पाणी तळ्यातूनच उचलून हवेतून उंच फवारत परत तळ्यात पाडायचं. बोअरचं पाणी थेट नळीने सोडलं तर उपयोग कमी, त्यात प्राणवायू अगदी थोडा असतो, तेही फवारूनच घ्या.

महिन्यातून एकदा फेकजाळ्याने प्रत्येक जातीचे दहा-पंधरा मासे धरून जातवार तोला. प्रमाण चुकलं की नाही हे तिथेच कळतं. फक्त कटला मागे असेल तर प्राणिप्लवंग कमी किंवा चंदेरा जास्त: चंदेरा काढा, थोडं शेण घाला. रोहू मागे असेल तर खाद्य कमी पडतंय किंवा गवत्या पळवतोय, चौकटीतला चारा तपासा. मृगळच मागे असेल तर तळाचा मूठभर गाळ काढून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा आला तर खाद्य आठवडाभर बंद, थोडा चुना, आणि साखळी बांधलेला दोर तळावरून हळूहळू, एका वेळी तळ्याचा चौथा भाग, सकाळी ऊन चढल्यावर ओढायचा. सगळ्याच जाती सारख्या मागे असतील तर प्रमाणाला हात लावू नका. मासे जास्त झालेत, विरळणी महिनाभर अलीकडे घ्या.